विद्यार्थ्यांच्या ॲपसाठी वयाची पडताळणी: आधारचे फोटो गोळा करावेत का?

नमस्कार. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही दोघे मित्र सोलापुरात नववीपासून पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी सराव प्रश्नसंचांचे ॲप चालवता. त्यात गटचर्चा आहे आणि एकमेकांना खासगी संदेश पाठवण्याची सोयही आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागणार असे कळल्यावर तुम्ही सर्वांकडून आधार कार्डाचा फोटो मागवायला सुरुवात केली आणि आतापर्यंत सहाशेच्या आसपास फोटो जमले. मग एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी फोन करून विचारले, ‘माझ्या मुलीचे आधार तुम्ही नेमके कुठे ठेवले आहे आणि ते कोण कोण पाहू शकते?’ या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे नव्हते. मुलांचे संरक्षण आणि लोकांचा खासगीपणा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा सांभाळायच्या, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोलापुरातच राहतो. पतसंस्था, क्लासेस आणि चादर-टॉवेलच्या निर्यातदारांसाठी लॉगिन, ओळख-पडताळणी आणि माहिती साठवण्याच्या यंत्रणा उभारण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करत आहे. मी वकील नाही. कायद्याबद्दल खाली जे लिहिले आहे ते कामाच्या निमित्ताने वाचलेले आणि अमलात आणलेले आहे. शेवटचा निर्णय घेण्यापूर्वी या विषयातल्या वकिलाला एकदा जरूर दाखवा.

त्या वडिलांचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. तुमच्या सध्याच्या पद्धतीत तीन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत. पहिला, समोरचा वापरकर्ता अठरा वर्षांखालील आहे का? दुसरा, पालक म्हणून संमती देणारी व्यक्ती खरोखर प्रौढ आहे का? आणि तिसरा, हे सगळे लोक नेमके कोण आहेत? तुमच्या कामासाठी पहिल्या दोन प्रश्नांची ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे पुरतात. आधारचा फोटो मागवला की तिसऱ्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर, म्हणजे नाव, पत्ता, जन्मतारीख, चेहरा आणि क्रमांक, तुमच्या संगणकात येऊन पडते, आणि गंमत म्हणजे, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र त्यातून खात्रीने मिळतच नाहीत. फोटोतली जन्मतारीख मोबाइलवर बदलता येते, आणि फोटो ज्याचा आहे त्यानेच तो पाठवला हे कळायला काहीच मार्ग नसतो. मोठ्या भावाच्या आधारचा फोटो धाकट्याच्या मोबाइलमध्ये असणे ही आपल्याकडे अगदी रोजची गोष्ट आहे.

आधी कायदा नेमके काय मागतो ते पाहू, कारण तुम्ही कायद्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माहिती गोळा करत आहात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिच्या माहितीवर कोणतीही प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी, आणि मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे. मुलांविषयीच्या या जबाबदाऱ्या मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मात्र माहितीच्या सुरक्षेची पुरेशी व्यवस्था न केल्यास तो २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, याकडेही लक्ष द्या. एक जबाबदारी पार पाडण्यासाठी कागद जमवायचे आणि ते नीट सांभाळता न आल्यामुळे त्याहून मोठ्या दंडाला पात्र व्हायचे, अशा वाटेवर तुम्ही सध्या उभे आहात.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. संमतीविषयीचा नियम बारकाईने वाचला तर त्याचा सगळा भर पालकावर असल्याचे दिसते. स्वतःला पालक म्हणवणारी व्यक्ती प्रौढ आहे आणि गरज पडल्यास तिची ओळख पटू शकते, एवढी खातरजमा तुम्ही करायची आहे. ती तुमच्याकडे आधीपासून असलेल्या विश्वासार्ह तपशिलांवरून करता येते, त्या व्यक्तीने स्वेच्छेने दिलेल्या तपशिलांवरून करता येते, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत व्यवस्थेने दिलेल्या आभासी टोकनवरूनही, म्हणजे ओळख आणि वय तपासल्याच्या डिजिटल खुणेवरूनही, करता येते. मुलाचे आधार घ्या असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. म्हणजे त्या विद्यार्थिनीचे आधार तुम्ही मागण्याची मुळातच गरज नव्हती.

याशिवाय आधारचा स्वतःचा कायदा आहे, आणि तो इथे अधिक थेट लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात, खासगी कंपन्यांना आधार-प्रमाणीकरण वापरण्याची मोकळीक देणारी तरतूद रद्द झाली. २०१९ च्या दुरुस्तीने ऑफलाइन पडताळणीची, म्हणजे आधारच्या केंद्रीय यंत्रणेला न विचारता करायच्या पडताळणीची, वाट खुली केली, पण तिथेही अट अशी आहे की पडताळणी करणाऱ्याने आधार क्रमांक गोळा करायचा नाही, वापरायचा नाही आणि साठवायचा नाही. शिवाय आधारऐवजी दुसरा कोणता पर्याय चालेल हेही समोरच्याला सांगायचे. पूर्ण बारा अंक दिसत असलेले सहाशे फोटो ड्राइव्हमध्ये ठेवणे या अटीशी कसे जुळवणार, हे मला तरी समजत नाही.

आता खासगीपणा नेमका कुठे सुटतो ते जवळून पाहा. नवी पेठेतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात दुपारी थोडा वेळ उभे राहिलात तरी ते दिसेल. एक बाई येतात. घरात एकच मोबाइल आणि तो मुलाकडे असल्यामुळे त्या दुकानदाराला कार्ड देऊन म्हणतात, ‘याचा फोटो क्लासच्या नंबरवर पाठवा.’ दुकानदार स्वतःच्या मोबाइलने फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. तो फोटो त्याच्या गॅलरीत राहतो आणि गॅलरीतून आपोआप क्लाउडवर जातो. तुमच्याकडे तो ज्या मोबाइलवर येतो तिथल्या गॅलरीत दुसरी प्रत तयार होते, तुमचा मदतनीस तो लॅपटॉपवर उतरवतो ती तिसरी, आणि ड्राइव्हवर चढवतो ती चौथी. तुम्ही पडताळणी केली एकदा, पण एका मुलीचा चेहरा, पत्ता आणि जन्मतारीख असलेला कागद चार-पाच ठिकाणी राहिला, आणि त्यांपैकी निम्म्या जागांवर तुमचा ताबाच नाही. यात कोणाचा वाईट हेतू नाही. माणसे मदत करतात आणि माहिती पसरत जाते.

मोठ्या कंपन्यांनाही हे सांभाळता आलेले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केले की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एका बाहेरच्या सेवेतून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत, आणि ते फोटो वयाबाबतच्या तक्रारी निकाली काढण्यासाठी मागवलेले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये स्त्रियांसाठीच्या टी नावाच्या अमेरिकी ॲपमधून पडताळणीसाठी दिलेल्या सेल्फी आणि ओळखपत्रांचे सुमारे १३,००० फोटो बाहेर आले. मुलांना किंवा स्त्रियांना सुरक्षित वाटावे म्हणून घेतलेली माहितीच त्यांच्यासाठी धोका बनली. माझ्या कामात मी हे गृहीतच धरतो की जे साठवले आहे ते एक ना एक दिवस बाहेर पडू शकते. त्यामुळे रचना करताना काय साठवायचे हा प्रश्न पहिला आणि ते कसे सांभाळायचे हा दुसरा.

तुम्ही पुढे लिहिले आहे की फोटो काढून टाकून आधार क्रमांकाचा फक्त हॅश (क्रमांकावरून ठरावीक गणिताने तयार होणारी अक्षरांची माळ) ठेवण्याचा विचार आहे, म्हणजे मूळ क्रमांक कोणाला कळणार नाही. हा सल्ला अनेक जण देतात, म्हणून यावर जरा थांबतो. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरे, पण शक्य असलेल्या सर्व क्रमांकांचे हॅश काढून ते जुळवून पाहता येतात. आधार क्रमांकात बारा अंक असतात. पहिला अंक शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून ठरणारा तपासणी-अंक असतो. म्हणजे शक्य असलेले क्रमांक उरतात आठ हजार कोटी. आकडा मोठा वाटतो, पण खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सर्वसाधारण हॅशची गती सेकंदाला शेकडो कोटींच्या घरात असते, त्यामुळे ही सगळी यादी काही मिनिटांत तपासून होते. प्रत्येक नोंदीला वेगळे सॉल्ट (हॅश काढण्याआधी क्रमांकात मिसळायची वाटेल ती अक्षरे) लावले आणि तेही त्याच डेटाबेसात ठेवले, तर चोराला प्रत्येक नोंदीसाठी तेवढी मिनिटे खर्च करावी लागतील, इतकाच फरक. जन्मतारखेचा हॅश तर त्याहून कुचकामी, कारण शंभर वर्षांत तारखाच साधारण ३६,५२५ असतात. वेगळ्या जागी ठेवलेली गुप्त किल्ली वापरली तर संरक्षण बरेच वाढते, पण ती किल्ली सांभाळण्याचे काम दोन माणसांच्या संस्थेने अंगावर का घ्यावे? जो क्रमांक लागतच नाही त्याचा हॅशही लागत नाही.

चेहऱ्यावरून वय ओळखणाऱ्या सेवेबद्दलही तुम्ही विचारले आहे. ओळखपत्र लागत नाही हा तिचा फायदा खरा आहे, आणि तीस वर्षांच्या माणसाला दहा वर्षांच्या मुलापासून वेगळे करायला ती चांगली आहे. पण तुमची रेषा अठरावर आहे आणि तुमचे बहुतेक विद्यार्थी सोळा ते वीसच्या दरम्यान आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक-संस्थेने २०२४ मध्ये असे सहा अल्गोरिदम तपासले. चांगल्या अल्गोरिदमचीही सरासरी चूक साधारण तीन वर्षांच्या घरात होती, स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत ती जवळजवळ नेहमीच अधिक होती, आणि फोटोचा दर्जा व माणसाचा जन्मप्रदेश यांनुसारही निकाल बदलत होता. तीन वर्षांची चूक आणि सतरा-अठराची रेषा यांचा मेळ बसत नाही. दिव्याच्या उजेडात साध्या मोबाइलवर काढलेल्या सेल्फीवर बारावीच्या मुलीला खासगी संदेशांचे दार उघडायचे की नाही हे ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग काय करावे? हे तुम्ही कोणती सेवा देता यावर अवलंबून आहे, आणि इथे सरसकट उत्तर देणाऱ्यापासून सावध राहा. केवळ प्रौढांसाठी असलेल्या मजकुराची वेबसाइट आणि बारावीच्या भौतिकशास्त्राचे प्रश्नसंच यांना एकच मोजपट्टी लावणे चुकीचे आहे. आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतही ही पायरी-पायरीची पद्धत आहे: ओटीटीवरच्या तेरा वर्षांवरील वर्गातल्या मजकुरासाठी पालकांचे कुलूप सांगितले आहे, आणि विश्वासार्ह वय-पडताळणी मागितली आहे ती प्रौढ वर्गासाठी. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना ठरावीक समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली आणि कंपन्यांना ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड ठेवला, पण त्याच कायद्यात सरकारी ओळखपत्र हा एकमेव मार्ग ठेवता येणार नाही आणि वय तपासण्यासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करावी, असेही लिहिले आहे. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. त्यातला ओळखपत्राविषयीचा संयम मात्र आपण उचलण्यासारखा आहे.

तुमच्या ॲपमध्ये प्रश्नसंच सोडवण्यात फारसा धोका नाही. धोका आहे तो अनोळखी प्रौढ व्यक्ती चौदा वर्षांच्या मुलीला खासगी संदेश पाठवू शकते यात. त्यामुळे मी पडताळणीपासून सुरुवात न करता ॲपच्या रचनेपासून करीन. सर्वांसाठी, वय काहीही असो, खासगी संदेश मुळात बंद ठेवा. गटचर्चेत पूर्ण नाव, शाळा आणि फोटो दिसू देऊ नका, आणि गटावर शिक्षकाची देखरेख ठेवा. जाहिरातींसाठी माग काढणारे कोणतेही बाहेरचे साधन ॲपमध्ये घालू नका. विनामूल्य मिळणाऱ्या ॲनालिटिक्सच्या, म्हणजे ॲपचा वापर मोजणाऱ्या कोडच्या, तुकड्यांतून ते नकळत येते, तेव्हा तुमच्या डेव्हलपरला ते एकेक उघडून तपासायला सांगा. हे केले की वय ओळखण्यात चूक झाली तरी तिची किंमत फार थोडी राहते, आणि सर्वांची ओळख तपासण्याची निकडच कमी होते. मुलांना शोधण्यासाठी लावलेली कोणतीही चाळणी शेवटी प्रत्येक प्रौढालाही पार करावी लागते, हे विसरू नका.

यानंतर नोंदणीच्या वेळी जन्माचा महिना आणि वर्ष साध्या, तटस्थ शब्दांत विचारा. ‘तुम्ही अठरा वर्षांचे आहात का?’ असे विचारले की कोणते उत्तर दिल्याने दार उघडते ते मुलांना लगेच कळते. उत्तर दिल्यावर मागे जाऊन ते बदलण्याची सोय त्या उपकरणावर काही काळ बंद ठेवा. मूल अठराखालील निघाले तर पुढचा पडदा पालकांचा, आणि तिथून पुढे तपासायचे ते फक्त पालकांचे प्रौढत्व. त्यासाठी अधिकृत टोकनचा मार्ग पहिला ठेवा. जन्मतारीख स्वतः पाहून शिक्कामोर्तब करणारी संस्था वेगळी आणि ते शिक्कामोर्तब स्वीकारणारे तुम्ही वेगळे, ही त्यातली मुख्य कल्पना आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर, म्हणजे तिथल्या जत्रेत, पाळण्यात बसताना पाळणेवाला हातातले तिकीट पाहतो. ते खिडकीवर कोणी आणि कोणत्या नोटेने घेतले हे त्याला कळत नाही, आणि तुम्ही कोणत्या पाळण्यात बसलात हे खिडकीवरच्या माणसाला कळत नाही. चांगल्या वय-टोकनमध्ये हे दोन्ही गुण हवेत.

दुसऱ्या गुणाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तुम्हाला नाव कळले नाही एवढ्याने खासगीपणा पूर्ण होत नाही. टोकन देणाऱ्या संस्थेला प्रत्येक वेळी ‘हे टोकन अमुक ॲपवर वापरले’ असे कळत असेल, तर नागरिकाच्या ऑनलाइन हालचालींची वहीच एका जागी तयार होते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली अंध स्वाक्षरीची कल्पना (सही करणाऱ्याला मजकूर न दाखवता सही घेणे) आणि आताची शून्य-ज्ञान पुराव्यांची पद्धत (माहिती उघड न करता ती खरी असल्याचे सिद्ध करणे) यावरच उपाय देतात. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये वय-पडताळणी ॲपचा आराखडा प्रसिद्ध करून डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली आणि स्पेन या पाच देशांत त्याची चाचणी सुरू केली, आणि त्याचा रोख ‘वय पुरेसे आहे’ यापलीकडे काहीच न सांगण्याकडे आहे. आपल्याकडे आधारच्या नव्या ॲपमध्ये निवडकच तपशील दाखवण्याची सोय आली आहे, आणि ही दिशा बरोबर आहे. जुना आधार क्यूआर मात्र स्कॅन केला की नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो असे बरेच काही एकदम देऊन टाकतो, तेव्हा ‘आम्ही फक्त क्यूआर स्कॅन करतो’ हे उत्तर पुरेसे समजू नका. कोणत्याही पुरवठादाराशी करार करण्यापूर्वी त्याला दोनच गोष्टी लेखी विचारा: तुम्ही आमच्याकडे नेमके कोणते रकाने पाठवता, आणि हा माणूस आमच्या ॲपवर आला होता ही नोंद तुमच्याकडे किती दिवस राहते? उत्तर गोलमोल आले तर पुढे जाऊ नका.

आता आपल्या गावाची गोष्ट. पुण्या-मुंबईत बसून आखलेली डिजिटल पडताळणी सोलापुरात पहिल्याच आठवड्यात अडखळते, आणि त्याची कारणे पालकांच्या निष्काळजीपणात नाहीत. शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार आईकडे स्वतःचा मोबाइल नसतो. आधारला जोडलेला क्रमांक वडिलांचा असतो आणि वडील कामासाठी भिवंडीला असतात. मूल आजीपाशी राहते. ओटीपी कोणाला येणार आणि संमती कोण देणार? शिवाय कागदांवरची वयेही नेहमी खरी नसतात. आपल्या आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे हे तुम्हाला माहीत आहेच. आधार हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही हे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ च्या एका अपघात-भरपाईच्या निकालात मान्य केले आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. सुदैवाने तुम्हाला पालकांचे अचूक वय नको आहे. पंधरा वर्षांच्या मुलाची आई किंवा आजी प्रौढ आहे का, एवढ्यासाठी १ जूनची तारीख चुकीची असली तरी काही बिघडत नाही.

म्हणून माणसाने माणसाला पाहून करायची पडताळणी हा दुसरा मार्ग बरोबरीने उघडा ठेवा, आणि त्याला कमीपणाचा समजू नका. तुमचे विद्यार्थी ज्या क्लासेसमधून येतात तिथे पालकसभा होतातच. पालकाने कोणतेही ओळखपत्र दाखवावे, तुमच्या प्रतिनिधीने ते पाहून तिथेच परत करावे, फोटो किंवा झेरॉक्स घेऊ नये, आणि वहीत पालकाचे नाव, संपर्क, मुलाशी नाते, तारीख आणि पाहणाऱ्याची सही एवढेच लिहावे. प्रत ठेवायचा कोणी आग्रहच धरला, तर शेवटचे चार अंकच दिसणारे मास्क्ड आधार किंवा दुसरे ओळखपत्र दाखवायला सांगा, पण मी प्रत घेण्याच्या विरोधातच आहे. पालकांसाठीची सूचना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही छापा. कायद्याने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत सूचना वाचण्याचा पर्याय द्यायला सांगितलेच आहे, आणि सोलापुरात तर त्याशिवाय संमतीला काही अर्थच उरत नाही. जे वाचता आले नाही त्याला दिलेला होकार संमती कशी म्हणायची?

डेटाबेसमध्ये मग काय राहील? वयोगट, मूल अठरा पूर्ण करण्याचा महिना, पडताळणी कोणत्या मार्गाने झाली, कधी झाली, आणि पालकाचे नाव व संपर्क. पूर्ण जन्मतारीख नाही, दस्तऐवज नाही, चेहरा नाही. अठरा पूर्ण होण्याचा महिना ठेवल्यामुळे तो महिना संपताच खाते आपोआप प्रौढांच्या नियमांखाली येते आणि पालकाचा संपर्क त्यानंतर का ठेवायचा याचाही विचार करता येतो. इथे एक बारकावा आहे. नव्या नियमांत, प्रक्रिया केलेली वैयक्तिक माहिती आणि तिचे लॉग (वापराच्या नोंदी) किमान एक वर्ष ठेवण्याची तरतूद काही सरकारी प्रयोजनांसाठी घातली आहे. ‘घेऊ आणि लगेच पुसू’ असे धोरण आखणाऱ्यांची त्यामुळे अडचण होऊ शकते. ही तरतूद तुमच्या बाबतीत कशी लागू होते ते वकिलाला विचारा, पण माझ्या मते तिचा धडा एकच निघतो की अनावश्यक कागद दारातून आतच येऊ देऊ नये. तुमचे ॲप शैक्षणिक संस्थांना दिलेल्या सवलतीत बसते का, हाही प्रश्न त्याच बैठकीत विचारून घ्या. ती सवलत शिक्षणाच्या आणि मुलांच्या सुरक्षेच्या कामापुरतीच आहे, आणि बाजारातले सराव-ॲप म्हणजे शैक्षणिक संस्था होते की नाही हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

हे सगळे करूनही काही मुले निसटतील. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून कडक वय-तपासणी लागू झाली, तेव्हा काही दिवसांतच व्हीपीएनची (वापरकर्त्याचे ठिकाण लपवणारी) ॲप्स डाउनलोडच्या यादीत वर जाऊन बसली. तुमच्याकडे कोणी आईच्या मोबाइलवरून स्वतःच संमती देईल, कोणी जन्मवर्ष दोनने मागे नेईल. ते शून्यावर आणण्याच्या हट्टाने प्रत्येकाकडून आणखी कागद मागत गेलात, तर निसटणारी मुले तरीही निसटतील आणि प्रामाणिक कुटुंबांची माहिती तेवढी तुमच्याकडे साचेल. खासगी संदेश बंद, देखरेख चालू आणि तक्रार करण्याचे बटण ठळक ठिकाणी, एवढे असले तर निसटलेले मूलही बऱ्यापैकी सुरक्षित राहते. प्रौढांना खासगी संदेश हवेच असतील, तर तेवढ्या एका सोयीपुरतीच त्यांच्याकडून टोकनची अट घाला.

शेवटी तुमच्याकडे आत्ता असलेले सहाशे फोटो. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. एखादी तक्रार किंवा वाद चालू असेल तर तेवढे फोटो वकिलाला विचारल्याशिवाय काढू नका. बाकीचे काढून टाका. आधी ते कुठे कुठे आहेत याची यादी करा: नोंदणीचा मोबाइल, त्याची गॅलरी, गॅलरीचा क्लाउड बॅकअप, व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप, लॅपटॉपचे डाउनलोड फोल्डर, ड्राइव्ह, आणि मदतनिसाच्या मोबाइलमधल्या प्रती. व्हॉट्सॲपवरचा संदेश पुसला म्हणून गॅलरीत उतरलेला फोटो जाईलच असे नाही, आणि गूगल ड्राइव्हमधून काढलेली फाइल ट्रॅशमध्ये तीस दिवस पडून राहते, तेव्हा ट्रॅशही रिकामा करा. ज्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून पाठवले असेल त्यांना दुकानदाराकडची प्रत काढून घ्यायला सुचवा. मग सर्व पालकांना लेखी कळवा की फोटो मागवण्याची पद्धत आम्ही थांबवली आहे, आधी घेतलेले फोटो अमुक तारखेला या या ठिकाणांहून काढले आहेत, आणि यापुढे आमच्याकडे अमुक एवढेच तपशील राहतील. त्या वडिलांना मात्र पत्रावर भागवू नका. त्यांना फोन करा, त्यांच्या मुलीचा फोटो कुठे कुठे होता ते जसेच्या तसे सांगा, आणि त्यांची इच्छा असेल तर समोर बसवून डेटाबेसमधली तिची नोंद दाखवा.